टेंभा, अंक बारावा

मौजा उमरबोडी, पोस्ट सडक अर्जुनी
६ फेब्रुवारी १९५६

प्रिय यादोराव,

सप्रेम नमस्कार. हे पत्र टपालानं न धाडता तुझ्या वहिनीच्याच हाती देतो आहे. देवका बहिणीच्या बाळंतपणासाठी गोंदियाला येते आहे, महिनाभर तिथंच राहील. छापखान्यात येऊन स्वतः देईन म्हणाली. चहा पाज तिला.

आता बातमी ऐक. धानाची मळणी आटोपली आणि गावानं चावडीत बसून ठराव केला. कोहमाऱ्याहून येणाऱ्या रस्त्यावर, गावच्या तोंडाशी, दगडी कमान उभारायची. बेचाळीसच्या लढ्याची आठवण म्हणून. लोक उन्हाळाभर श्रमदान करणार, दगड आपल्याच टेकडीचा. आणि कमानीवर अक्षरं कोरायची, ‘टेंभाकार बकाराम लंजे’. मी नको म्हणालो. पुन्हा एकदा नको म्हणालो. आणखी एकदा म्हणालो असतो तर त्यांनी खरंच ऐकलं असतं, म्हणून थांबलो.

हसू नकोस. चौदा वर्षं झाली रे. वर तुझ्या बिडीच्या लेबलांची थप्पी आणि खाली आपला ‘टेंभा’. मी दरेकशाच्या जंगलात लपून लिहायचो, तू छापायचास, आणि तेंदूपानाच्या पुड्यांत दडून आपली पत्रकं रेल्वेनं कुठच्या कुठं पोचायची. अकरा अंक निघाले. बारावा निघायच्या आत मला धरलं. दोन वर्षं जबलपूरच्या तुरुंगात विचारून विचारून ते थकले, पण छापणाऱ्याचं नाव काही त्यांना मिळालं नाही. एवढ्यावर एका माणसाचं नाव दगडावर आलं तर काय बिघडलं?

देवकाला सांगितलं तर म्हणते, “कमानीतून पानी येईल का?” मला फार हसू आलं. बायकांचं डोकं घागरीपलीकडे जात नाही.

तर काम असं, की कमानीवर ‘टेंभा’तली एखादी जळजळीत ओळ हवी. माझ्याजवळचे अंक पोलिसांनी नेले. तुझ्याकडे एखादा उरला असेल तर शोध. आणि उद्घाटनाला तू आणि शांतीवहिनी यायचंच.

तुझा
बकाराम

---

गोंदिया
२० फेब्रुवारी १९५६

प्रिय बकाराम,

पत्र पोचलं, वहिनीही पोचल्या. तू एक चहा सांगितलास, त्या आतापावेतो पाच-सहादा येऊन गेल्या. शांतीचं आणि त्यांचं काय गूळपीठ जमलंय देव जाणे. मी खिळे जुळवत बसलो की शेजारी येऊन उभ्या राहतात. “हा उलटा काऊन, भाऊजी?” म्हणून विचारतात. आरशासारखं असते वहिनी, उलटं लावलं तरच सरळ उमटते, असं सांगितलं तर म्हणाल्या, “मंग घरच्यासारखंच आहे.” काय अर्थ लावायचा तो तूच लाव.

‘टेंभा’चा एकही अंक उरला नाही. तुला धरल्याची खबर आली त्याच संध्याकाळी शांतीनं सगळे चुलीत घातले आणि त्यावर पोलिसांसाठी भजी तळली. झडतीला आलेले तिघं खाऊन, तोंड पुसून गेले. तुझ्या जळजळीत ओळींचा तेवढा उपयोग मात्र झाला.

कमानीचं म्हणशील तर मी काय बोलू? तुझं गाव, तुझा दगड. एवढंच म्हणतो, तू आयुष्यभर दुसऱ्यांच्या कमानींवर परचे चिकटवत आलास. स्वतःच्या कमानीवर कोणी चिकटवला तर रागावू नकोस.

तुझा
यादोराव

---

उमरबोडी
८ मार्च १९५६

यादोराव,

तुझ्या जिभेवर काळा तीळ आहे काय रे?

काल सकाळी उठून दार उघडलं तर दारावर परचा! चावडीवर परचा, शाळेवर परचा, तलावाच्या पाळीवरच्या आंब्याला परचा. नाव काय म्हणतोस? ‘टेंभा’! खाली छापलंय, ‘अंक बारावा’! माझ्याच पत्रकाचं नाव, आणि मी सरपंच, तर माझ्यावरच उलटवलं. रागारागानं लिहितोय, अक्षर समजून घे.

एक प्रत सोबत जोडली आहे, तरी मजकूर इथंही उतरवतो:

‘गावकरी मंडळी! इंग्रज गेला. मालगुजार गेला. चिखल गेला का? तलावाच्या काठी जाऊन पाहा. घागर भरताना पाय घोट्याच्या वर रुतते. भरली घागर घेऊन चढताना बाया पडतात, घागर फुटते, कंबर धरते. सरपंच म्हणतात कमान बांधू. आमी म्हनतो घाट बांधू. कमानीखालून सालातून एकडाव पाहुना जाईल. घाटावरून दररोज बाई जाईल. गोटा तोच आहे. कोठी लावता, बोला.’

‘गोटा तोच आहे. कोठी लावता, बोला.’ यादोराव, खरं सांगू? दगड तोच, लावता कुठं, एवढंच विचारणारी ही ओळ मला सुचायला पाहिजे होती. म्हणून तर राग जास्त आला.

बायांच्या नावानं लिहिलंय, पण हे काम बाईचं नाही. गावात लिहिता-वाचता येणाऱ्या बाया किती? मी तुरुंगातून सुटून आल्यावर देवकाला अक्षरं शिकवली, ती पोथी वाचते आणि बाजाराचा जिन्नस लिहून देते, बस. माझा संशय ईश्वरदास गुरुजींवर आहे. त्यांनी कमानीच्या सभेत तोंड वाकडं केलं होतं, मी पाहिलं.

तू चाळीस वर्षं खिळे जुळवतोस. हे टाइप पाहून छापखाना कोणता ते सांग. देवका परवाच गोंदियाहून परत आली. तिलाही विचारलं, गोंदियात काही कानावर आलं का म्हणून. ती म्हणाली, “कायले शोधता? उत्तर लिहा ना. तुमी तं टेंभावाले.” बघ, घरच्या माणसाचा केवढा विश्वास आहे माझ्यावर!

बकाराम

---

गोंदिया
१५ मार्च १९५६

प्रिय बकाराम,

परचा पाहिला. चष्म्यातून पाहिला, बाहेर उन्हात नेऊन पाहिला. हे टाइप नागपूरपासून रायपूरपर्यंत कोणत्याही छापखान्यात मिळतील. मी काही सांगू शकत नाही. छपाई मात्र स्वच्छ आहे, शाई एकसारखी बसली आहे, समास बरोबर सोडला आहे. कोणी का छापला असेना, कारागीर चांगला आहे.

तू मात्र सगळा जोर कोणी लिहिलं यावर लावून बसलास. काय लिहिलं, ते खोटं आहे का? सुमित्राबाईचा हात त्या चिखलात पडूनच मोडला ना? तुझ्या जागी मी असतो तर आधी तलावावर जाऊन पाहिलं असतं.

उत्तर द्यायचं असेल तर मजकूर पाठव. छापून देतो. माझ्याकडे आलेलं काम मी कधी परत धाडलेलं नाही.

तुझा
यादोराव

---

उमरबोडी
३० मार्च १९५६

प्रिय यादोराव,

सुमित्राबाईचा हात मोडल्याचं परच्यात कुठंच नव्हतं. मग गोंदियात बसून तुला कसं कळलं? मी लगेच ताडलं. गुरुजी या महिन्याच्या सुरुवातीलाच गोंदियाला गेले होते, तेच तुझ्या बाजारात बोलले असणार! तुझ्या पत्रानं माझा संशय पक्का झाला.

मग मी भर चावडीत गुरुजींना विचारलं. त्यांनी शांतपणे टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि म्हणाले, “सरपंचजी, मी बावीस वर्षं पोरांना शुद्धलेखन शिकवतो. मी ‘आमी’ लिहीन? मी ‘म्हनतो’ लिहीन? यापेक्षा तुम्ही मला चोर म्हटलं असतं तर चाललं असतं.” सगळी चावडी हसली. मी तसाच घरी निघून आलो. माफीही मागितली नाही, ते मनाला लागून राहिलं आहे.

माझं उत्तर सोबत पाठवतो आहे. मथळा, ‘कमान कशासाठी?’ लिहून झाल्यावर देवकाला वाचून दाखवलं. धान निवडता निवडता तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, “इथं ‘घाट मागून बांधता येईल’ म्हनता, ते कच्चं आहे. तो लिहिनारा इथंच पकडंल तुमाले.” मी ते वाक्य बदललं. काय बारीक कान आहे तिचा! इतकी वर्षं घरात असून मला ठाऊक नव्हतं.

आणखी एक गंमत. गुरुजींचा प्रौढांचा वर्ग दोन वर्षांपासून रिकामा चालला होता, कंदिलाचं तेल फुकट जायचं. परवा जाऊन पाहिलं तर ओट्यावर जागा नाही! साठीचा चैतराम पाटी घेऊन बसलेला. मी म्हटलं, काऊन रे चैतराम, आता कुठं नोकरी धरतोस? तर म्हणतो, “नाई जी. माहा भाचा परचा वाचून दाखवते, पन त्याले नाई आवडलं ते गाळते. मले पुरा पाह्यजे.” यादोराव, आपण अकरा अंक काढले, पण त्यापायी एकही माणूस पाटी घेऊन बसला नव्हता.

लवकर छाप.

बकाराम

---

गोंदिया
७ एप्रिल १९५६

प्रिय बकाराम,

तुझं उत्तर छापलं. गठ्ठा आजच्या मोटरनं कोहमाऱ्याच्या ढाब्यावर उतरेल, माणूस पाठव. शांतीनं वाचलं आणि हसत सुटली. का हसतेस म्हटलं तर सांगेना.

गुरुजींबद्दल वाचून वाईट वाटलं. त्या माणसाचा ह्यात काही दोष नाही एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो. कसं ठाऊक ते विचारू नकोस. माझ्या गळ्याशी एक गोष्ट अडकली आहे, गिळताही येत नाही आणि बाहेरही काढता येत नाही. शब्द दिलेला आहे. तू जबलपूरला दोन वर्षं काढलीस तेव्हा एका माणसाचं नाव सांगितलं नाहीस. नाव न सांगायचं मी तुझ्यापासूनच शिकलो, एवढं ध्यानात ठेव आणि पुढं माझ्यावर तापू नकोस.

तुझा
यादोराव

---

उमरबोडी
२४ एप्रिल १९५६

प्रिय यादोराव,

तुझा घसा धरल्याचं वाचून काळजी वाटली. हळद घालून दूध घे. शाईच्या वासानं होत असेल. बाकी तुझं ते शब्द दिल्याचं वगैरे मला नीट उमगलं नाही, तापात लिहिलंस काय?

इकडे अंक तेरावा आला! माझं उत्तर निघून आठवडा झाला नाही तोच. मी लिहिलं होतं, ‘कमान ही गावाच्या मानाची खूण आहे.’ त्यावर लिहितो, ‘गावाचा मान गावाच्या तोंडाशी राहते का पाण्याच्या काठाशी? सरपंचाच्या घरचं पाणी कोण भरते? सरपंचानं एक दिवस घागर घेऊन उतरून दाखवावं. मंग कमान बांधावी. आमी सोता गोटे वाहू.’ देवकानं मला तो अंक तीनदा वाचायला लावला. “वाहवा, कसा झोंबते,” म्हणाली. कोणाच्या बाजूची आहे कळत नाही!

मी म्हटलं, ठीक आहे, दाखवतो उतरून. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला घागर घेऊन निघालो. गावातल्या बाया आधीच काठावर. मला पाहून सगळ्या एका बाजूला झाल्या, पदर तोंडाशी. मी ऐटीत उतरलो. घागर बुडवली. भरली. यादोराव, भरली घागर किती जड असते तुला ठाऊक आहे का? मला नव्हतं. खांद्यावर घेतली, एक पाय उचलला, तो निघाला, पण वहाण आत राहिली. ती काढायला वाकलो आणि सरळ पालथा! घागर एकीकडे, टोपी एकीकडे, तोंडात चिखल. सुमित्राबाई, जिचा हात अजून गळ्यात बांधलेला, दुसरा हात पुढं करून म्हणते, “धरा जी सरपंच. लाजू नका. आमी रोज पडतो.”

मी इतका हसलो की उठता येईना. बायाही हसल्या. एवढ्या बाया माझ्यासमोर मोकळ्यानं हसताना मी पहिल्यांदा पाहिल्या. नाही तर मी आलो की सगळीकडे गप्प व्हायची रीत पडली आहे. ती कधीपासून पडली, मी विचार करतोय.

मग तिथंच चिखलात बसून पाहिलं. आमच्या बापजाद्यांनी हा तलाव बांधला. आम्ही कोहळी, तलाव बांधणं हा आमचा अभिमान. पाळ कशी, पाण्याची वाट कशी, सगळं चोख. पण बाईनं उतरायचं कुठून हे एकालाही सुचलं नाही. मलाही नाही.

अखाजीच्या सणाला पाळीवर सभा ठेवली आहे. चावडीत बाया येत नाहीत, म्हणून पाळीवर. काय बोलायचं ते ठरलं आहे, पण कोणाला सांगितलं नाही. देवकालासुद्धा नाही.

बकाराम

---

उमरबोडी
५ मे १९५६

यादोराव भाऊजी आनि शांतीबाईले देवकाचा रामराम.

हे पत्रबी तेराव्या परच्याच्या कागदासारखं सुमित्राच्या दिराच्याच हाती देऊन राहिली. टपालवाला सरपंचाच्या हाती देईल म्हनून.

भाऊजी, आता हे फार वाढलं. मी म्हनलं होतं का एक परचा काढू, त्याइले राग येईल, मंग समजंल, झालं. तं त्याइनं उत्तर काढलं, मी उत्तराले उत्तर काढलं. मजा येत गेली. त्याइचं वाक्य कच्चं दिसलं तं मलेच वाईट वाटे. मीच दुरुस्त करून दिलं आनि मंग त्याच्यावरच लिहिलं. अशी कोनती बायको असंल?

पन आता ते गुरुजीच्या मांगे लागले, ते मले खपत नाही. अखाजीच्या सभेत मी उभी होऊन सांगन. पन एक भेव आहे. ‘टेंभा’ त्याइचा जीव आहे. त्यापायी दोन सालं आत राहिले. ते नाव मी न विचारता घेतलं. चार मानसात त्याइचा मान गेला आनि ते माह्याशी बोललेच नाही, तं?

सांगू का नाही सांगू? तुमी त्याइचे जुने दोस्त. जसं सांगाल तसं करन.

देवका

---

गोंदिया
९ मे १९५६

सौ. देवकावहिनींस,

नमस्कार. सांगा. सगळ्यांसमोर सांगा.

मी त्याला तीस वर्षं ओळखतो. तो फुगतो लवकर आणि निवळतोही लवकर. चिखलात पडल्याचं त्यानं मला दोन पानं भरून लिहिलं आहे, आणि तेवढा खुशीत तो बेचाळीसनंतर मला कधी दिसला नव्हता. ज्याच्याशी भांडायला बरोबरीचं कोणी भेटलं, तो माणूस बोलणं कशाला टाकेल?

मी दिलेला शब्द आजपर्यंत पाळला. आता तुम्ही मला मोकळं करा. त्यानं घशाला हळद-दूध सांगितलंय आणि शांती खरंच रोज पाजते आहे.

आपला
यादोराव

---

उमरबोडी
१५ मे १९५६

खोटारड्या यादोराव!

घसा बरा झाला का? गळ्याशी अडकलेलं बाहेर आलं, आता होईल.

परवा रात्री मी तुझ्यावर फार चिडलो होतो. काल थोडा कमी. आज लिहायला बसलो तर हसूच येतं, म्हणून सगळं सांगून टाकतो.

अखाजीला ऊन उतरल्यावर सभा भरली. पाळीवर ही गर्दी! एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बाया, मधे मी आंब्याखाली. मी उठलो आणि आधी गुरुजींना समोर बोलावून सगळ्यांसमक्ष हात जोडले. ते घाबरले. “असू द्या, असू द्या,” म्हणत माझेच हात धरले. मग मी म्हणालो, “मंडळी, मी घागर घेऊन उतरलो आणि पडलो. कमान नको. हा उन्हाळा घाटाचा. पहिला गोटा मी वाहीन.” बायांच्या बाजूनं असा गलका उठला की पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले.

तिथंच थांबायचं होतं मी. पण मला जुनी खोड, शेवटचं वाक्य दणकेबाज पाहिजे! मी म्हणालो, “आता ज्यानं हा परचा लिहिला त्यानं पुढं यावं. भेऊ नये. त्याच्यासारखा लिहिणारा या तालुक्यात नाही. माझ्या मांगं ‘टेंभा’ त्याचा. मले भर सभेत त्याच्या हातात हात द्यायचा आहे.”

माणसं एकमेकांकडे पाहू लागली. मग बायांत खुसखुस. सुमित्राबाई कोणाला तरी कोपरानं ढोसत होती. आणि देवका उठली.

मला वाटलं हिला घरी जायचं असेल. म्हटलं, “बस ना, होतेच आता सभा.”

ती म्हणाली, “मी होय.”

“तू काय होय?”

“परचेवाली. मी लिहिले. दोनी.”

यादोराव, मी बसलो. खाली काय आहे ते न पाहता बसलो, आंब्याच्या मुळावर. तेवढ्यात चैतराम ओरडला, “बाप्पा! सरपंचाच्या घरातच छापा पडला!” आणि सगळी पाळ हसून लोळली.

देवका तशीच उभी. पदर दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. मग माझ्या ध्यानात आलं की मी सगळ्यांसमोर शब्द देऊन बसलो आहे. हातात हात द्यायचा! भर गावात, स्वतःच्या बायकोच्या! लग्नात भटजीनं दिला होता तेवढाच. मी उठलो, बायांच्या बाजूला गेलो आणि दिला. म्हाताऱ्यांनी डोळ्यांवर पदर घेतले आणि पदराआडून पाहिलं. गुरुजींनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली.

घरी येताना मी पुढं चालत होतो. ती दोन पावलं मागं. शेवटी तिनंच विचारलं, “रागावले का?”

मी म्हटलं, “नाई. पन मले सांगाचं होतं ना घरी. परचा कायले?”

ती म्हणाली, “सांगतलं होतं. तुमी हासले. घरातलं बोलनं तुमाले आयकू येत नाही जी. छापलेलं येते.”

मी अंगणात पाय धुतले, वाढलेलं जेवलो, आणि मग तिला म्हटलं की तेराव्या अंकातलं ‘गावाच्या तोंडाशी का पाण्याच्या काठाशी’ हे फार उतरलंय, कसं सुचलं? ती लाजली. मग सांगू लागली. पहिल्या खेपेला शांतीवहिनीनं कसा धीर दिला, तू एक शब्दही बदलायला कसा तयार नव्हतास, ‘आमी’चं ‘आम्ही’ करू का विचारल्यावर “वहिनी, तुम्ही बोलता तसंच जाऊ द्या” कसं म्हणालास. आम्ही बोलत बसलो, चुलीवरचं दूध उतू गेलं.

तू माझ्याशी खोटं बोललास त्याची शिक्षा म्हणजे गोटे वाहायला यायचं. शांतीवहिनींना शिक्षा नाही, त्यांना पाहुणचार.

तुझा
बकाराम

---

गोंदिया
२१ मे १९५६

प्रिय बकाराम,

शिक्षा मान्य. रविवारच्या मोटरनं दोघंही येतो. शांतीनं आधीच डबा भरायला घेतला आहे.

एक मात्र तुला सांगायचं राहिलं होतं. वहिनी पहिल्यांदा कागद घेऊन आल्या तेव्हा मी छापायला कां-कूं केलं होतं. दोस्ताविरुद्ध कसं छापू म्हणालो. त्यावर त्या म्हणाल्या, “त्याइच्या इरुद्ध नाही भाऊजी, त्याइच्यासाठीच आहे. ते पहिलेसारखे व्हावे म्हनून.” त्यानंतर मी काही विचारलं नाही. खिळे घेतले आणि जुळवायला बसलो.

यादोराव

---

उमरबोडी
२५ नोव्हेंबर १९५६

प्रिय यादोराव,

दिवाळी झाली, जिल्हा मुंबई राज्यात गेला, धान कापणीला आलं, आणि तुझं एक पत्र नाही. पाठीची दुखणी अजून गेली नाहीत काय? तू वाहिलेले गोटे मी ओळखून ठेवले आहेत. सगळ्यात लहान आहेत ते तुझे.

घाट पाहायला ये. यंदा तलाव काठोकाठ भरला आणि वरच्या चार पायऱ्या सोडून बाकी पाण्यात गेल्या. बाया कोरड्या पायानं उतरतात, कोरड्या पायानं चढतात. कार्तिकी पुनवेला त्यांनी पायरीपायरीवर दिवे लावले. नाव कोणाचंच कोरलं नाही. चैतरामनं मात्र आपल्या एका गोट्यावर खिळ्यानं ‘चै’ काढला आहे. पूर्ण नाव येत होतं, पण गुरुजींनी हात धरला. सुमित्राबाईचा हात जुळला. आता ती दोन्ही हातांनी माझी नक्कल करते, पडलेल्या सरपंचाची, आणि लग्नाकार्यात तिला मुद्दाम करायला लावतात.

मी आठवड्यातून दोनदा पाणी भरतो. गावातले पुरुष आधी हसले, आता आणखी दोघं येतात. एक तर बायको माहेरी गेली म्हणून येतो, पण येतो.

आता मुख्य बातमी. परवा घाटावर नवा परचा लागला. छापलेला नाही. हातानं लिहिलेला, अक्षरं मोठी, वाकडी, नवशिक्याची. नाव ‘टेंभा’ नाही, ‘कंदील’ आहे. मजकूर असा:

‘घाट बायांचा आहे. घाटावर म्हशी काऊन धुता? गावात एकच म्हैस रोज घाटावर येते. ती कोनाची आहे सगळ्याले माहीत आहे. सरपंच लिहिनारे, सरपंचीन लिहिनारी. दोघाइनंबी उत्तर द्यावं.’

देवका आधी लाल झाली. म्हणाली, “कोन मेला लिहिते हे? आमच्या अंगनापर्यंत आला!” मी इतका हसलो की तिनं मला उंबऱ्याबाहेर काढलं. लिहिणारा कोण ते आम्हाला कळलेलं नाही. गुरुजींच्या वर्गात आता चाळीसेक जण आहेत, कोणीही असेल. मी शोधणार नाही.

मग आम्ही दोघं ओट्यावर बसलो, मधे कागद, मधे दौत. ती म्हणाली, तुमी लिहा. मी म्हणालो, तू लिही. पुष्कळ वेळ विचार केला. पण उत्तर काय द्यायचं यादोराव, म्हैस आमचीच आहे.

तिला आता धुवायला खालच्या बोडीवर, त्या धाकट्या तळ्यावर नेतो.

तुझा
बकाराम